पाँगचा रॉम सापडत नाही, कारण तो नव्हताच : १९७२ चं सर्किट आणि आजचा टीव्ही

वाळूघड्याळ
जुन्या आर्केड खेळांचे रॉम, म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम साठवलेल्या चिपच्या प्रती, जपून ठेवलेले दिसतात, पण १९७२ च्या पाँगचा, म्हणजे दोन पॅडलनी (पडद्यावरच्या उभ्या पट्ट्यांनी) चेंडू टोलवायच्या खेळाचा, रॉम कुठेच नाही. जे मिळतात ते सगळे नंतर कुणीतरी लिहिलेले प्रोग्रॅम. मूळ मशीनमध्ये नेमकं होतं तरी काय? आणि सुटे भाग घेऊन असा खेळ आपल्याकडच्या टीव्हीवर उभा करायचा झाला तर कुठून सुरुवात करावी? सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर आहे, एवढं गृहीत धरा.

कॅथोड
रॉम नाही, कारण प्रोग्रॅमच नाही. पाँगमध्ये प्रोसेसर नव्हता, मेमरी नव्हती, सॉफ्टवेअरची एक ओळही नव्हती. ॲटारीत अ‍ॅलन आल्कॉर्न यांनी ७४०० मालिकेतल्या साध्या टीटीएल आयसी (प्रत्येकी एखादंच सोपं काम करणाऱ्या चिप) जोडून तो खेळ बनवला. साधारण ६६ आयसी, एक बोर्ड आणि एक काळापांढरा टीव्ही. कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये पहिलं मशीन ठेवलं, ते हेच.

हे सर्किट समजायचं असेल तर आधी टीव्ही समजून घ्या. किरण डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, परत येतो, खालची ओळ काढतो. पाँगमध्ये १४.३१८ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलला दोनाने भागून ७.१५९ मेगाहर्ट्‌झचा ठोका काढलाय. दोन ७४९३ (मोजणाऱ्या आयसी) आणि एक फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरून ठेवणारं सर्किट) मिळून ९ बिटांचा आडवा काउंटर होतो. तो ० ते ४५४ मोजतो आणि शून्यावर येतो, म्हणजे एका ओळीत ४५५ ठोके. ७१,५९,००० भागिले ४५५ करून बघा, साधारण १५,७३४ येतील. अमेरिकन टीव्हीची ओळवारंवारता हीच. तसाच दुसरा काउंटर ओळी मोजतो, ० ते २६१.

बस, एवढंच मूळ. किरण आत्ता पडद्यावर कुठे आहे हे हे दोन काउंटर सतत सांगत असतात. बाकीचं सगळं सर्किट एकाच प्रश्नाचं उत्तर देतं : या क्षणी ठिपका पांढरा की काळा?

जाळ्याचं उदाहरण घ्या. आडवा काउंटर २५६ वर आला की एक ठोकाभर पांढरं. तेवढ्याने अखंड उभी रेघ येते. ती तुटक करायला उभ्या काउंटरचा ‘४’ चा बिट घेतलाय : चार ओळी पांढऱ्या, चार काळ्या. दोन-तीन गेटमध्ये जाळं तयार. चित्र कुठेही साठवलेलं नाही.

चेंडू हा या सर्किटचा खरा दागिना. त्याची जागा कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेली नाही. चेंडूला त्याचा स्वतंत्र उभा काउंटर आहे (९३१६ आयसींचा) आणि तोही ओळीच मोजतो. तो २६२ ओळींनी एक फेरी पुरी करत असेल, तर चेंडू दर फ्रेमला त्याच ओळीवर उमटतो, म्हणजे जागचा हलत नाही. फेरी २६१ ओळींची केली की दर फ्रेमला एक ओळ आधी उमटतो, म्हणून वर सरकतो. २६३ ची केली की खाली. दोन घड्याळांतलं एक किंचित पुढे धावतं, तसं. वेगाचा हिशोबही यातूनच निघतो : वरच्या १६ ओळी ब्लँकिंगच्या (त्या वेळी पडदा काळा असतो), उरल्या २४६. सेकंदाला ६० फ्रेम आणि दर फ्रेमला एक ओळ, म्हणजे पडदा पार करायला चार सेकंदांच्या वर. फेरी तीन ओळींनी कमी-जास्त केली, म्हणजे तीन ओळींची सूट दिली, तर दीड सेकंदाच्या आत.

आडव्या दिशेलाही हीच युक्ती आहे, पण एक फरक आहे आणि स्वतः डिझाइन करणारे इथेच चुकतात. आडव्या काउंटरला दर ओळीला सूट दिली, तर चेंडूची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा सरकते आणि चौकोन तिरका फाटतो. म्हणून ती सूट पडदा काळा असताना, उभ्या ब्लँकिंगमधल्या मोजक्या ओळींपुरतीच द्यायची. किती ओळी द्यायची, तोच चेंडूचा वेग. ४ आणि १२ टोल्यांनंतर हा वेग वाढतो.

टाका_पक्का
उत्तम प्रतिसाद. ‘रॉम नाही’ या मुद्द्याला पुरवणी : नेहमीच्या एमुलेटरची रीत प्रोसेसरची नक्कल करून त्याला रॉम खाऊ घालण्याची. इथे खाऊ घालायला काहीच नसल्याने ते इथे अडतात. पाँगसाठी प्रत्येक आयसीच्या गेटची आणि तिला लागणाऱ्या वेळेची नक्कल करावी लागते. ‘डाइस’ नावाचा एमुलेटर याचसाठी लिहिला गेला आणि नंतर ‘मेम’ या आर्केड एमुलेटरमध्येही नेटलिस्ट पद्धतीने (सर्किटातल्या जोडण्यांच्या यादीवरून) ते आलं. खरं पाँग बघायचं असेल तर हे दोनच बघा. पॅडल पडद्याच्या अगदी वरपर्यंत जात असेल, तर समोरचं पाँग मूळ नव्हे.

वाळूघड्याळ
पॅडल वर का जात नाही? आणि चेंडू कधी सरळ, कधी तिरका परततो, ते प्रोसेसरशिवाय कसं ठरतं?

कॅथोड
दोन्ही उत्तरं पॅडलच्या सर्किटात आहेत. प्रत्येक पॅडलला एक ५५५ टायमर (ठरावीक लांबीचा पल्स देणारी आयसी) आहे. दर फ्रेमला त्याला एकदा चाप मिळतो आणि त्याचा पल्स सुरू होतो. पल्स संपेल त्या ओळीपासून एक ७४९३ सोळा ओळी मोजतो. त्या सोळा ओळी म्हणजे पॅडल. खेळाडूच्या हातातला ५ किलोओमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ५५५ च्या पाचव्या पिनेवर, म्हणजे कंट्रोल व्होल्टेजला जातो. टायमिंगचे रेझिस्टर आणि कपॅसिटर कायमचे असतात. पॉट फिरवला की पल्स लांबतो आणि पॅडल खाली येतं.

पल्स एका मर्यादेपेक्षा आखूड होत नाही, म्हणून वर फट राहते. आल्कॉर्न यांना ही उणीव दिसली होती, पण त्यांनी ती मुद्दाम ठेवली : चेंडू वरच्या फटीतून कधीतरी निसटला नाही, तर दोन तरबेज खेळाडूंचा खेळ संपणारच नाही आणि पुढचं नाणं पडणार नाही.

कोनाचं म्हणाल, तर सोळा ओळी मोजणारा तो ७४९३ चार बिटांचा आहे. वरचे तीन बिट घेतले की पॅडलचे आठ भाग पडतात, प्रत्येकी दोन ओळींचे. चेंडू आणि पॅडल एकाच वेळी पांढरे झाले म्हणजे टोला बसला. त्या क्षणी हे तीन बिट धरून ठेवायचे आणि चेंडूच्या उभ्या काउंटरची फेरी त्यावरून ठरवायची. मध्यावर लागला तर सरळ, कडेला लागला तर तिरका. गुणाकार नाही, त्रिकोणमिती नाही. पाँग खेळताना जो ‘हात’ जाणवतो तो सगळा या तीन तारांत आहे.

आवाजही असाच. त्यासाठी वेगळा ऑसिलेटर नाही, काउंटरच्या ज्या तारांवर ऐकू येईल अशी वारंवारता आधीपासून होती त्याच स्पीकरला जोडल्या. ॲटारीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांना प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता. सर्किटात त्याला जागा नव्हती.

टाका_पक्का
एफपीजीएवर (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपवर) हे करणाऱ्यांसाठी सावधानता : मूळ ड्रॉइंग जसंच्या तसं उतरवू नका. ७४९३ हा रिपल काउंटर आहे, एका फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट पुढच्याचं क्लॉक असतं. एफपीजीएत असं केलं की प्रत्येक बिट थोड्या वेगळ्या वेळी बदलतो, रिसेटच्या आकड्यापाशी सुईसारखे पल्स उठतात आणि काउंटर मध्येच शून्यावर येतो. सगळ्यांना ७.१५९ चं एकच क्लॉक द्या आणि पुढे जायचं की नाही ते एनेबलने ठरवा.

वाळूघड्याळ
समजलं. मग ६६ आयसी गोळा करायच्या का?

पडदा६२५
पहिल्याच फटक्यात नको. ७४४८, ९३१६ यांसारख्या आयसी आता शोधाव्या लागतात. शिवाय मूळ सर्किट अमेरिकन टीव्हीसाठी आहे, आपलं अ‍ॅनालॉग प्रसारण पाल पद्धतीचं होतं : ६२५ ओळी, ५० हर्ट्‌झ. सोपा आणि तितकाच अस्सल मार्ग म्हणजे जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय-३-८५०० ही चिप. स्कॉटलंडमध्ये ग्लेनरॉथेसला ती तयार झाली, १९७६ मध्ये बाजारात आली आणि कोलेकोच्या टेलस्टारपासून असंख्य कंपन्यांनी तिच्यावर घरगुती खेळ काढले. टेनिस, सॉकर, स्क्वॉश, सराव आणि बंदुकीचे दोन, असे सहा खेळ एका २८ पिनांच्या चिपमध्ये. इथेही प्रोग्रॅम नाही, काउंटर आणि गेटच आहेत, फक्त एका सिलिकॉनवर.

विकत घेताना शेवटचा आकडा बघा. नुसती ८५०० म्हणजे पाल, ८५००-१ म्हणजे अमेरिकन पद्धत. आपल्याला नुसती हवी.

साहित्य :
एवाय-३-८५०० एक, २८ पिनांचा आयसी बेस एक, सीडी४०७२ एक, सीडी४०६९ एक, सीडी४०१३ एक, ४ मेगाहर्ट्‌झ क्रिस्टल एक (सोबत २२ पिकोफॅरडचे दोन आणि १ मेगओम), एलएम३१७ एक, बीसी५४७ दोन, लिनिअर पॉट २५० किलोओमचे दोन, १०० नॅनोफॅरडचे सात-आठ, पुशबटणं दोन, चार जागांचा रोटरी स्विच एक, ८ ओमचा छोटा स्पीकर, पिवळं आरसीए सॉकेट, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. मुख्य चिप सोडली तर बाकी सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास एका फेरीत मिळतं. पॉट घेताना त्यावर ‘बी’ छापलेलं बघा. ‘ए’चा पॉट लॉगचा, तो आवाज कमी-जास्त करायला असतो. तो लावला तर पॅडल पडद्याच्या एका टोकाला रेंगाळतं आणि दुसऱ्या टोकाला उडी मारतं.

सप्लाय : चिपला ६ ते ७ व्होल्ट लागतात. ७८०५ या नेहमीच्या रेग्युलेटरचे ५ व्होल्ट कमी पडतात, चित्र येऊन थरथरतं किंवा येतच नाही. एलएम३१७ या बदलत्या व्होल्टेजच्या रेग्युलेटरला २४० ओम आणि १.१ किलोओम लावा, बरोबर ७ च्या जवळ येतात. ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर नको, एलएम३१७ ला स्वतःसाठीच दोनेक व्होल्ट लागतात. चिप बसवण्याआधी रिकाम्या बेसवर पिन ४ आणि पिन २ मध्ये व्होल्टेज मोजा. पिन २ ग्राउंड, पिन ४ सप्लाय. दोन्हींच्या अगदी लगत १०० नॅनोफॅरड.

ठोका : पिन १७ ला २ मेगाहर्ट्‌झ. ४०६९ च्या एका इन्व्हर्टरवर ४ मेगाहर्ट्‌झचा ऑसिलेटर करा, दुसऱ्याने बफर करा आणि ४०१३ च्या एका फ्लिप-फ्लॉपने निम्मं करा. २० लाख भागिले १२८ म्हणजे १५,६२५, आपल्या टीव्हीची ओळवारंवारता नेमकी हीच. ४०१३ चा उरलेला अर्धा भाग आणि ४०६९ ची उरलेली इनपुट मोकळी सोडू नका, ग्राउंड करा.

चित्र : चिप चेंडू, दोन पॅडल आणि गुण-सीमारेषा वेगवेगळ्या पिनांवर देते : चेंडू ६, पॅडल ९ आणि १०, गुण व सीमा २४. या चार तारा ४०७२ च्या एका ऑर गेटला द्या. सिंक (नवी ओळ किंवा फ्रेम सुरू करायची टीव्हीला दिलेली खूण) पिन १६ वर येतो, तो दुसऱ्या ऑर गेटच्या चारही इनपुटना एकत्र जोडून बफर करा. मग ऑर गेटचं चित्र ४.७ किलोओममधून, सिंक १० किलोओममधून आणि सप्लाय ८.२ किलोओममधून एका बिंदूवर आणा, तिथून १.५ किलोओम ग्राउंडला. हा बिंदू बीसी५४७ च्या बेसला, कलेक्टर सप्लायला, एमिटर ७५ ओममधून पिवळ्या सॉकेटला.

तो ८.२ किलोओम वगळू नका. तो नसेल तर सिंकच्या वेळी बेस शून्यावर जातो, तर काळ्या पातळीलाही तो ट्रान्झिस्टरच्या ०.६५ व्होल्टच्या उंबऱ्याच्या फारसा वर चढत नाही. सिंक जवळजवळ कापला जातो आणि चित्र गरागरा फिरतं. दिलेल्या किमतींनी टीव्हीपाशी सिंक ०.३ आणि चित्र ०.७ व्होल्टच्या आसपास येतं, तेवढंच हवं असतं.

खेळ निवडणं : हवी ती पिन ग्राउंड करायची. २० टेनिस, २१ सॉकर, २२ स्क्वॉश, २३ सराव. एका वेळी एकच, म्हणून रोटरी स्विच. पिन २५ पुशबटणाने ग्राउंड केली की गुण शून्यावर. पिन ८ ग्राउंडला ठेवली तर सर्व्हिस आपोआप होते, मोकळी ठेवली तर प्रत्येक गुणानंतर दुसरं बटण दाबावं लागतं. ५, ७ आणि १३ मोकळ्या ठेवल्या तर सोपा खेळ : कमी कोन, मंद चेंडू, मोठं पॅडल. ग्राउंड केल्या की अनुक्रमे जास्त कोन, वेगवान चेंडू, छोटं पॅडल. लहान मुलं आणि मोठी माणसं समोरासमोर बसणार असतील तर या तिन्हींना वेगळे स्विच लावाच. खेळ १५ गुणांचा असतो.

आवाज पिन ३ वर. दुसरा बीसी५४७ आणि स्पीकरच्या मालिकेत १०० ओम.

पाऊलवाट
छान माहिती. पण पाँग हा पहिला व्हिडिओ गेम, हे इथे सगळ्यांनी मानलेलं दिसतंय.

कॅथोड
कुणी तसं लिहिलेलं नाही, पण मुद्दा स्पष्ट केलेला बरा. एमआयटीत पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर लिहिलेला स्पेसवॉर १९६२ चा. नाणं टाकून खेळायचा कॉम्प्युटर स्पेस १९७१ चा, बुशनेल आणि टेड डॅबनी यांचाच, नटिंग असोसिएट्सने काढलेला. आणि घरगुती टेनिसचा मान राल्फ बेअर यांचा. त्यांचा ‘ब्राउन बॉक्स’ सँडर्स असोसिएट्समध्ये १९६८ पर्यंत तयार होता, त्यावरून मॅग्नाव्हॉक्सने ओडिसी १९७२ मध्ये विकायला काढली. ओडिसीत आयसीसुद्धा नव्हत्या, ४० च्या आसपास ट्रान्झिस्टर आणि तेवढेच डायोड. आवाज नाही, गुण नाहीत. मैदानाचं रंगीत चित्र प्लॅस्टिकच्या पत्र्यावर छापून ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं. तिची ‘गेम कार्ड’ बघून लोकांना काडतूस वाटतं, पण त्यात फक्त जोडतारा आहेत, मेमरी नाही.

मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेमला ओडिसीचं प्रात्यक्षिक झालं, तिथल्या पाहुण्यांच्या वहीत बुशनेल यांची सही होती. पुढे पेटंटच्या दाव्यात तीच सही महत्त्वाची ठरली आणि ॲटारीने १९७६ मध्ये परवाना घेऊन तडजोड केली. बेअर यांचा हक्क निर्विवाद आहे. पण तीन बिटांचा कोन, वाढता वेग, आवाज आणि गुण हे आल्कॉर्न यांचं काम. एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नये.

वाळूघड्याळ
ब्रेडबोर्डवर जोडणी झाली. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र येतं, पण एलसीडीवर ‘नो सिग्नल’. शिवाय उजवं पॅडल खालच्या निम्म्या भागातच फिरतं आणि मधूनमधून उडतं.

पडदा६२५
एलसीडीचं आधी. ही चिप एकाआड एक ओळी काढत नाही, दर वेळी त्याच ओळी काढते. ट्यूबला त्याचं काहीच नसतं, किरण सिंकमागे मुकाट जातो. एलसीडीत आधी सिग्नल ओळखणारी चिप बसलेली असते. ६२५ ओळींची आडवी-उभी जुळणी तिला दिसली नाही की काही टीव्ही पडदा निळा करतात. आधी मल्टिमीटरच्या हर्ट्‌झ रेंजवर पिन १६ मोजा, साधारण १५.६ किलोहर्ट्‌झ दिसायला हवेत. ते ठीक असतील तर दोष तुमच्या जोडणीत नाही. दुसऱ्या कंपनीचा टीव्ही लावून बघा, किंवा ट्यूबवरच खेळा, या खेळासाठी ती अजूनही सर्वांत चांगली.

पिन १६ वर काहीच नसेल तर पिन १७ चा ठोका बघा. ठोका आहे, सप्लाय आहे आणि तरी सिंक नाही, तर चिप मेलेली किंवा नाव खरवडून नव्याने छापलेली. जुन्या चिपच्या बाजारात असा माल भरपूर फिरतो, म्हणून बेस लावायला सांगितलं.

आता पॅडल. इथे आणि मूळ पाँगमध्ये मोठा फरक आहे. पाँगमध्ये पॉट फक्त व्होल्टेज द्यायचा. या चिपमध्ये पिन ११ आणि १२ वरचा कपॅसिटर पॉटमधून भरतो आणि किती ओळींत भरला त्यावर पॅडलची जागा ठरते. म्हणजे पॉट गुणिले कपॅसिटर हाच हिशोब. एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. २५० किलोओम आणि १०० नॅनोफॅरडचा गुणाकार २५ मिलिसेकंद, तेवढा पुरतो. पॅडल वरपर्यंत येत नसेल तर कपॅसिटर छापील किमतीपेक्षा मोठा आहे किंवा पॉटच्या मालिकेत जास्त रेझिस्टर लागलाय. सुरक्षेसाठी १० किलोओम मालिकेत ठेवायचा असतो, तिथे चुकून १०० किलोओम लागला तर नेमकं हेच होतं. रंगपट्टी बघा : तपकिरी-काळा-नारिंगी हवी, तपकिरी-काळा-पिवळी नको. कपॅसिटर पॉलिएस्टरचा वापरा. साध्या सिरॅमिक चकतीची किंमत उष्णतेने बदलते आणि खेळता खेळता पॅडल सरकत जातं.

टाका_पक्का
ओळी मोजून पॅडल ठरवण्याची ही रीत पुढे प्रोसेसर आल्यावरही टिकली, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. ॲटारी २६०० (१९७७) मध्ये ६५०७ प्रोसेसर आहे, पण सगळी मिळून १२८ बाइट रॅम. पूर्ण पडद्याचं चित्र साठवायला जागाच नाही. म्हणून किरण ओळ काढत असतानाच प्रोग्रॅमने चित्र काढणाऱ्या टीआयए चिपला पुढचा ठिपका सांगायचा. एका ओळीत प्रोसेसरची ७६ सायकल, प्रत्येक सायकलला किरण तीन ठिपके पुढे. एक सूचना चार सायकल उशिरा आली की चित्र बारा ठिपके उजवीकडे. तिथेही पॅडलचा पॉट कपॅसिटर भरतो आणि प्रोग्रॅम ठरावीक ओळींनी ‘भरला का’ विचारत राहतो. तिथला पॉट १ मेगओमचा. तो ‘सारखाच दिसतो’ म्हणून एवाय-३-८५०० ला लावू नका, पाव फेरीतच पॅडल पडद्याबाहेर जाईल.

@वाळूघड्याळ, पॅडल उडतं त्याचं कारण बहुतेक वेळा पॉटच्या पट्टीवरची धूळ. पट्टी एका क्षणासाठी सुटली की तेवढ्या फ्रेममध्ये कपॅसिटर भरतच नाही आणि पॅडल दिसेनासं होतं. सप्लाय बंद करून पॉटच्या पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि दांडा वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पूर्ण वाळल्यावरच सप्लाय द्या. तरीही उडत असेल तर ब्रेडबोर्डवरून पॉट काढून तारा थेट सोल्डर करा आणि पॉटची धातूची टोपी ग्राउंडला जोडा.